फोटोचा अर्थ कोण ठरवतं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फोटोग्राफी शिकणारी मुलं, पेपर बारकाईनं वाचणारी मंडळी, घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एखाद्या फोटोवरून वाद घालणारे, या सगळ्यांकडून थोड्याफार फरकानं येणारे प्रश्न इथं एकत्र केले आहेत. कॅमेरा कोणता घ्यावा, याचं उत्तर इथं मिळणार नाही. समोर आलेल्या फोटोतून आपल्याला काय कळतं, का कळतं आणि त्यातलं किती खरं धरावं, एवढ्यापुरतंच हे पान आहे.

फोटोला शब्द नसतात. मग तो पाहून अर्थ कळतो कसा?

काही अर्थ फोटोत असतो, काही आपण सोबत घेऊन येतो. मार्गारेट बर्क-व्हाइट या अमेरिकन छायाचित्रकार बाईंनी १९४६ मध्ये पुण्यात काढलेला गांधीजींचा फोटो आठवा. पुढे चरखा, मागे जमिनीवर बसून कागद वाचणारे गांधीजी, खिडकीतून येणारा उजेड. चरखा कॅमेऱ्याच्या इतका जवळ आहे की माणसाआधी तोच नजरेत भरतो. ही झाली फोटोतली सामग्री. ज्याला गांधी माहीत नाहीत आणि चरखाही माहीत नाही, त्याला इथं एक म्हातारे गृहस्थ लाकडी यंत्रामागे वाचत बसलेले दिसतील. खादी, स्वदेशी, येरवड्याचा तुरुंग, हे आपण आपल्या आठवणीतून त्या चौकटीत ओततो.

बर्क-व्हाइटनी लिहून ठेवलंय की फोटो काढू देण्याआधी गांधीजींच्या सचिवांनी त्यांना सूत कातायला शिकायला लावलं. मला ही अट फार शहाणपणाची वाटते. ज्या वस्तूचा फोटो काढायचा ती हाताला माहीत हवी.

या फोटोचं पुढे काय झालं तेही पाहण्यासारखं आहे. ‘लाइफ’ साप्ताहिकानं १९४६ मध्ये तो लहानसा छापला. १९४८ मध्ये गांधीजींची हत्या झाल्यावर तोच फोटो मोठ्या आकारात आला. चौकटीतला कणही बदलला नव्हता, तरी आता वाचक त्याच्याकडे श्रद्धांजली म्हणून पाहत होते.

भिंतीवरच्या फोटोला हार दिसला की माणूस गेलाय हे न सांगता कळतं. हे कसं?

लहानपणापासून घरोघरी पाहून. जिवंत माणसाच्या गळ्यात हार म्हणजे सत्कार, त्याच्या फोटोला चंदनाचा हार म्हणजे माणूस आता नाही. हा नियम कुणी शिकवत नाही, पण चुकतही नाही. परदेशातून आलेल्या पाहुण्याला मात्र तो सांगावा लागतो.

असे संकेत फोटोत जागोजागी असतात. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा सूट-टायमधला फोटो घ्या. कोणत्याही शहरातल्या कोणत्याही वकिलाचा असा फोटो असू शकतो. पण ज्या समाजाला चांगला कपडा आणि दागिना अंगावर घालायलाही गावानं मनाई केली होती, त्या समाजातला माणूस कोलंबियात आणि लंडनमध्ये शिकून हा सूट घालून उभा आहे, हे ज्याला माहीत आहे त्याला त्या कपड्यातला प्रत्येक टाका दिसतो. सहा डिसेंबरला चैत्यभूमीवर येणारा माणूस हा फोटो विकत घेऊन घरी नेतो तो यासाठी. गांधीजींनी अंगावरचे कपडे कमी करून एक गोष्ट सांगितली, बाबासाहेबांनी पूर्ण पोशाखातून वेगळी. दोन्ही गोष्टी भारताबाहेरच्या प्रेक्षकाला बहुतेक वेळा दिसतच नाहीत.

जुन्या फोटोंत कुणी हसत का नाही? माणसं दुःखी होती का?

नाही. सुरुवातीच्या काळात एक्स्पोजरला, म्हणजे कॅमेऱ्यात पुरेसा उजेड घेऊन फोटो उमटायला, काही सेकंद लागत, तेवढा वेळ हसू धरून ठेवणं कठीण. पुढे फोटो उमटवायच्या काचेच्या प्लेटा वेगवान झाल्या तरी चेहरे गंभीरच राहिले, कारण स्टुडिओत जाणं हा खर्चाचा, मानाचा प्रसंग होता. आजोबा-आजींच्या लग्नाच्या फोटोवरून त्यांच्या संसाराचा अंदाज बांधू नका.

फोटो म्हणजे समोर जे होतं तेच ना? त्यात छायाचित्रकाराचं काय?

समोर जे होतं त्यातलं किती घ्यायचं, कुठून आणि कोणत्या क्षणी, हे सगळं त्याच्या हातात असतं. २००४ च्या त्सुनामीनंतर अर्को दत्ता यांनी तमिळनाडूत कडलूरला काढलेल्या फोटोला वर्ल्ड प्रेस फोटो या वृत्तछायाचित्रांच्या जागतिक स्पर्धेचा त्या वर्षीचा सर्वोच्च पुरस्कार मिळाला. वाळूवर कोसळलेली एक बाई, तिचे उघडे तळवे, आणि चौकटीच्या कडेला मेलेल्या नातलगाचा फक्त हात. मृतदेह पूर्ण दाखवता आला असता. तो कडेबाहेर ठेवल्यामुळे नजर पुन्हा पुन्हा त्या बाईकडे परत येते, आणि गेलेल्या माणसाची अब्रूही राखली जाते.

जवळचं उदाहरण हवं असेल तर दिवे घाटातली वारी. उंचावरून काढली तर भगव्या पताकांची घाटाच्या वळणांनी वर चढणारी रेघ दिसते, चेहरा एकाचाही नाही. तोच घाट रस्त्याच्या कडेला खाली बसून काढला तर डोक्यावर तुळस घेतलेल्या एखाद्या बाईच्या टाचांच्या भेगा दिसतात. पहिला फोटो पाहून आपण म्हणतो, केवढा हा समुदाय. दुसरा पाहून म्हणतो, या किती चालल्या असतील. दोन्ही खरे आहेत. पेपरात मात्र पहिला जास्त छापला जातो, आणि त्यामुळे वारी म्हणजे वरून दिसणारी गर्दी अशी आपली समजूत होत जाते.

लांबून झूम करून काढलं की गर्दी जास्त दाट दिसते, हे खरं आहे का?

खरं आहे, आणि त्याचं मूळ कारण अंतर आहे. तुम्ही लांब उभे राहिलात की पुढचा माणूस आणि त्याच्या मागचा माणूस तुमच्यापासून जवळपास सारख्याच अंतरावर येतात. दोघं सारख्या आकाराचे दिसतात, मधली मोकळी जागा दिसेनाशी होते. टेलिफोटो लेन्स त्या लांबच्या दृश्याचा तेवढाच तुकडा मोठा करून दाखवते. २०२० मध्ये कोरोनाच्या काळात डेन्मार्कमधल्या छायाचित्रकारांनी रांगेत अंतर राखून उभ्या असलेल्या त्याच माणसांचे दोन लेन्सनी फोटो काढून शेजारी शेजारी दाखवले. एकात सगळे चिकटलेले वाटतात, दुसऱ्यात मधली जागा स्वच्छ दिसते. विसर्जनाची मिरवणूक असो नाहीतर राजकीय सभा, गर्दीवरून काही ठरवायचं असेल तर बाजूनं किंवा वरून काढलेला दुसरा फोटो शोधा.

फोटो क्रॉप करणं म्हणजे फसवणूक का?

दर वेळी नाही. ८ जून १९७२ चा व्हिएतनाममधला, नेपाम या अंगाला चिकटून जळणाऱ्या रसायनाच्या बॉम्बनंतर रस्त्यावर धावणाऱ्या मुलांचा फोटो जगानं पाहिला तो कापलेला. मूळ चौकटीत उजवीकडे कॅमेऱ्यात फिल्म भरत चाललेला एक छायाचित्रकार आहे. तो गेल्यावर नजर थेट मधल्या मुलीवर, फान थी किम फुकवर जाते. कापणाऱ्यानं घटना बदलली नाही. पण तो छायाचित्रकार चौकटीत असताना आणखी एक गोष्ट कळत होती, की तिथं बातमीदारही होते आणि त्यांतला एक त्या क्षणी आपल्या कॅमेऱ्यात गुंतला होता. ती कळायची थांबली. (हा फोटो निक उट यांचा म्हणून ओळखला जातो. तो नक्की कोणी काढला यावर २०२५ मध्ये वाद झाला. वर्ल्ड प्रेस फोटोनं श्रेय स्थगित केलं, असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेनं ते उट यांच्याकडेच ठेवलं.)

फोटो नुसता फिरवला तरी अर्थ हलतो. २४ डिसेंबर १९६८ रोजी चंद्राभोवती फिरणाऱ्या अपोलो ८ यानातून अंतराळवीर बिल अँडर्स यांनी चंद्राआडून वर येणारी पृथ्वी टिपली. त्यांच्या चौकटीत चंद्राची कडा उजवीकडे उभी होती. आपण पाहतो ती आडवी, चंद्राची जमीन खाली आणि पृथ्वी वर. आपल्याला सूर्योदय बघायची सवय आहे, म्हणून तो फोटोही तसाच लावला गेला.

माझं मत असं: ज्यानं घटनेबद्दलचं विधान उलटं होतं ते कापणं फसवणूक. मारणाऱ्याला कापून टाकायचं आणि फक्त प्रतिकाराचा उगारलेला हात ठेवायचा, हे खोटं बोलणंच आहे.

रंगीत फोटो जास्त खरा की कृष्णधवल?

भोपाळ, डिसेंबर १९८४. वायुगळतीनंतर पुरल्या जात असलेल्या एका लहान मुलाचा चेहरा मातीतून दिसतोय, डोळे उघडे. त्या एकाच बाळाचा फोटो रघु राय यांनी काढला आणि पाब्लो बार्थोलोम्यू यांनीही. राय यांचा कृष्णधवल, बार्थोलोम्यू यांचा रंगीत, वर्ल्ड प्रेस फोटोनं त्या वर्षीचा सर्वोत्तम ठरवलेला. कृष्णधवल फोटोत एक हात मातीवरून फिरतोय. रंग नसल्यामुळे माती, कातडी आणि हात एकाच करड्या छटेत येतात आणि ते बाळ भोपाळमधल्या सगळ्या मृतांच्या वतीनं पाहतंय असं वाटतं. रंगीत फोटोत माती मातीच्या रंगाची आहे, डोळ्यांवर आलेलं धुरकटपण दिसतं, आणि वायूनं शरीराचं काय केलं ते कळतं. एक शोकाकडे नेतो, दुसरा गुन्ह्याकडे. मला दोन्ही हवे आहेत. त्या बाळाचं नाव मात्र कुणालाच कळलं नाही.

फोटोओळीनं इतका फरक पडतो का? लोक तर फोटोच बघतात.

फ्रेंच छायाचित्रकार रोबेर दुआनो यांनी १९५८ मध्ये पॅरिसच्या एका कॅफेत एक फोटो काढला. काउंटरपाशी एक तरुणी आणि मध्यमवयीन गृहस्थ, समोर वाइनचे ग्लास. दुआनोंनी विचारून काढला होता. पॅरिसच्या कॅफेंवरच्या लेखासोबत तो छापून आला तेव्हा तो शहराच्या जगण्याचा एक छान तुकडा होता. मग फोटो एजन्सीकडे गेला. तिथून दारूबंदीचा प्रचार करणाऱ्यांच्या पत्रकात छापला गेला, आणि तेच दोघं दारूचे बळी झाले. नंतर सनसनाटी बातम्या छापणाऱ्या एका पत्रानं तो उचलला आणि खाली लिहिलं की हा शाँझेलिझेवरचा वेश्याव्यवसाय. ते गृहस्थ चित्रकला शिकवणारे शिक्षक होते. ते कोर्टात गेले, त्यांना भरपाई मिळाली, आणि कोर्टानं दुआनोंना दोषी धरलं नाही.

या प्रकरणात फोटोत काहीही घालण्यात किंवा काढण्यात आलं नव्हतं. खालची एक ओळ बदलली आणि एका शिक्षकाची इभ्रत गेली. आज हेच काम फॉरवर्ड करणारा माणूस अर्ध्या मिनिटात करतो. दोन वर्षांपूर्वीचा दुसऱ्या राज्यातला फोटो, वर ‘आपल्या शहरात काल रात्री’ एवढे चार शब्द, आणि संध्याकाळपर्यंत दगडफेक. फोटोकडे पाहणारा डोळा आधी ओळ वाचतो आणि मग फोटोत तेच शोधतो. म्हणून ज्यांना फोटो वाचायला शिकायचंय त्यांना मी सांगतो, खालची ओळ हातानं झाका आणि आधी नुसता फोटो बघा. त्यात खरोखर काय दिसतंय ते मनाशी म्हणा. मग ओळ वाचा. ओळीतलं जे फोटोत दिसत नाही, त्याला वेगळा पुरावा लागतो.

फोटो कोणी काढला, यानं काय बिघडतं?

पुष्कळ. १८६८ ते १८७५ या काळात ब्रिटिश सरकारनं हिंदुस्थानातल्या लोकांचे फोटो आठ खंडांत छापले. त्यात बहुतेक माणसांना नावच नाही. खाली जातीचं किंवा जमातीचं नाव आणि स्वभावाबद्दल दोन शेरे. समोरच्या माणसाला कॅमेऱ्यानं नमुना करून टाकलं. मुंबईत त्याआधीच, १८५४ मध्ये, फोटोग्राफिक सोसायटी सुरू झाली होती आणि डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू नारायण दाजी तिथले जाणते छायाचित्रकार होते. म्हणजे कॅमेरा फक्त साहेबांच्याच हातात होता असंही नाही.

होमाई व्यारावाला या भारतातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार, मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकलेल्या. सुरुवातीला त्यांचे फोटो पतीच्या नावानं छापले जात. ‘फोटो काढण्यास सक्त मनाई’ अशा पाटीशेजारी उभे असलेले पंडित नेहरू त्यांनी विमानतळावर टिपले. पाटीवरचं वाक्य आणि नेहरूंचा चेहरा एका चौकटीत आले, म्हणून तो फोटो हसवतो. नेहरूंच्या अवतीभवती सहजपणे वावरता येणारी, फारशी कुणाच्या ध्यानात न येणारी साडीतली बाई कॅमेऱ्यामागे होती, हे कळलं की फोटोतला मोकळेपणा कुठून आला तेही कळतं.

फोटोतल्या माणसाला काही हक्क असतो का त्या अर्थावर?

या पानावरचा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हाच आहे, आणि सगळ्यात कमी विचारला जातो.

मार्च १९३६, कॅलिफोर्नियात निपोमो इथं वाटाणा तोडणाऱ्या मजुरांचा तळ. थंडीनं पीक गेलं होतं. सरकारी योजनेसाठी फोटो काढत फिरणाऱ्या डोरोथिया लँग तिथं थांबल्या आणि एका आईचे, तिच्या मुलांसह, मोजके फोटो काढले. त्यातला एक जगप्रसिद्ध झाला: हात गालाशी, नजर दूर, दोन मुलं पाठ फिरवून तिच्या खांद्यांत तोंड लपवलेली, मांडीवर तान्हं. त्या काळच्या अमेरिकेत महामंदीचा चेहरा म्हणजे हा चेहरा. पेपरात छापून आल्यावर तळावर हजारो किलो अन्न पोचलं.

लँगनी तिचं नाव विचारलं नव्हतं. वय बत्तीस आणि मुलं सात, एवढंच टिपलं. ती होती फ्लॉरेन्स ओवेन्स थॉम्प्सन. अन्न पोचलं तेव्हा ते कुटुंब तळ सोडून पुढे गेलं होतं. लँगच्या टिपणात गाडीचे टायर विकून अन्न घेतल्याचा उल्लेख आहे. कुटुंबानं ते नाकारलं, त्यांची गाडी बिघडली होती आणि दुरुस्ती चालली होती. थॉम्प्सन मूळच्या चेरोकी, अमेरिकेच्या आदिवासी. फोटो पाहणाऱ्या बहुतेकांनी त्यांना गोरी शेतकरीण समजून कळवळा दाखवला. तशी त्यांची ओळख आधीच कळली असती तर तोच कळवळा आला असता का, हा प्रश्न मला सोडत नाही. १९७८ मध्ये त्यांचा शोध लागला तेव्हा त्यांनी सांगितलं की हा फोटो काढला नसता तर बरं झालं असतं, त्यातून त्यांना एक पैसा मिळाला नाही.

आणखी एक बारकी गोष्ट. मूळ फोटोत कडेला तंबूचा खांब धरलेला एक अंगठा दिसत होता. लँगना तो खटकत होता म्हणून पुढे निगेटिव्हवर तो पुसट करण्यात आला. नाव गेलं, वंश गेला, अंगठा गेला, आणि उरली ती कुणाचीही आई. फोटो प्रभावी झाला तो याच कारणानं, आणि अन्याय झाला तोही याच कारणानं. लँगचं काम मोठं आहे, असं मी मानतो. तरीही नाव विचारायला हवं होतं.

मांडणी करून काढलेला फोटो खोटा असतो का?

पाहणाऱ्याला काय सांगून दाखवलाय त्यावर अवलंबून. गौतम राजाध्यक्ष यांनी काढलेल्या पोर्ट्रेटमध्ये प्रकाश, कपडे, मान कुठं वळवायची, सगळं ठरवलेलं असे आणि ते कुणापासून लपवलेलं नव्हतं. लताबाईंचा त्यांनी काढलेला फोटो पाहताना आपण ‘हा क्षण अचानक सापडला’ असं समजत नाही.

आता लखनौ. नोव्हेंबर १८५७ मध्ये सिकंदर बागेत ब्रिटिश फौजेनं सुमारे २,००० बंडवाल्यांना ठार केलं. छायाचित्रकार फेलिस बिआतो तिथं पोचला १८५८ मध्ये, काही महिन्यांनी. त्याच्या फोटोत पडक्या इमारतीसमोर अंगणभर हाडं विखुरलेली दिसतात. अभ्यासकांचं मत असं की ती उकरून किंवा हलवून फोटोसाठी पसरली गेली. लंडनमध्ये तो फोटो युद्धाचा साक्षीदार म्हणून पाहिला गेला. कत्तल खरी, हाडं खरी, आणि तरी फोटो पाहणाऱ्याला फसवतो, कारण तो म्हणतो की मी त्या दिवशी तिथं होतो. शिवाय मेलेल्या माणसांची हाडं सजावटीसारखी वापरणं, हे मला फसवणुकीपेक्षा मोठं वाटतं.

मग फोटो पुरावा म्हणून कोर्टात कसा चालतो?

एकटा चालत नाही. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री ‘मुंबई मिरर’चे सेबॅस्टियन डिसूझा यांनी सीएसटी स्थानकात अजमल कसाबचे फोटो काढले. हातात रायफल, पाठीवर बॅग. खटल्यात डिसूझा स्वतः साक्षीला उभे राहिले आणि फोटो कुठून, केव्हा, कसे काढले ते सांगितलं. फोटोमागे शपथेवर बोलणारा माणूस असतो, तेव्हा त्याचं वजन वाढतं. ओळ झाकून बघायच्या सवयीचा हाच दुसरा भाग: कोण म्हणतंय हे, आणि तो समोर येऊन म्हणायला तयार आहे का?

फोटो पाहून माणसं खरंच बदलतात का?

कधी कधी, आणि सहसा एकट्या फोटोनं नाही. लुइस हाइन यांनी १९०८ पासून अमेरिकेतल्या गिरण्यांत आणि खाणींत राबणाऱ्या मुलांचे फोटो काढले. सोबत मुलाचं वय आणि कामाचं ठिकाण लिहिलं, आणि बालकामगारविरोधी समितीनं ते चळवळीत वापरले. सुनील जाना यांचे १९४३ च्या बंगालच्या दुष्काळाचे फोटो कम्युनिस्ट पक्षाच्या ‘पीपल्स वॉर’मध्ये छापून आले आणि दुष्काळ देशभरच्या लोकांना दिसला. मुंबईत छायाचित्रकार सुधारक ओलवे यांनी महापालिकेच्या सफाई कामगारांमध्ये वर्षानुवर्षं जाऊन काम केलं. गटारात उतरलेला कामगार आपण रोज ओलांडून जातो. त्यांच्या कृष्णधवल फोटोत तो थांबून आपल्याकडे बघतो.

उलट उदाहरण छायाचित्रकार केविन कार्टरचं. १९९३ मध्ये सुदानमध्ये त्यानं काढलेला फोटो: भुकेलं मूल आणि मागे गिधाड. अन्नवाटपाचं केंद्र जवळच होतं, पण चौकटीत दुसरं माणूस नाही, त्यामुळे तो पाहून जग कार्टरला एकच प्रश्न विचारू लागलं: तू काय केलंस? दुष्काळ आणि यादवीबद्दलची चर्चा बाजूला पडली. पुढच्या वर्षी पुलित्झर मिळालं आणि काही महिन्यांतच कार्टरनं आत्महत्या केली. त्याच्या आयुष्यात इतरही ताण होते, सगळं त्या फोटोवर ढकलणं योग्य नाही.

एआयनं बनवलेला फोटो हा फोटो म्हणायचा का?

माझं उत्तर नाही असं आहे. फोटो काढायला काहीतरी समोर असावं लागतं. बोरिस एल्डाग्सेन या जर्मन कलावंतानं २०२३ मध्ये सोनी वर्ल्ड फोटोग्राफी अवॉर्ड्समधला पुरस्कार नाकारला आणि सांगितलं की आपलं चित्र एआयनं बनवलेलं आहे. चित्र म्हणून ते सुंदर असेलही. पण त्यातल्या बायकांना कधी कुणी भेटलेलं नाही, आणि म्हणून त्यांचं नाव विचारायची सोयच नाही.

व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला फोटो घरबसल्या कसा तपासायचा?

गूगल लेन्स किंवा टिनआय या फोटोवरून शोध घेणाऱ्या साधनांवर टाकून तो आधी कुठं येऊन गेलाय का ते बघा. जुनी तारीख सापडली तर काम तिथंच संपतं. नाहीतर फोटोच्या कडा बघा: दुकानाच्या पाटीवरची लिपी, गाडीची नंबरप्लेट, पोलिसांचा गणवेश. महाराष्ट्र पोलिसांची वर्दी खाकी, कोलकाता पोलिसांची पांढरी; एवढ्यावरही एखादी अफवा मरते. फोटो म्हणून पाठवल्यावर व्हॉट्सअ‍ॅप त्यातली वेळ-ठिकाणाची माहिती काढून टाकतं, त्यामुळे मूळ फाइल डॉक्युमेंट म्हणून मागा. खात्री झाली नाही तर पुढे पाठवू नका.

मला एखाद्या फोटोत सगळे बघतात ते सोडून भलतंच काहीतरी टोचतं. माझं चुकतंय का?

अजिबात नाही. रोलाँ बार्थ या फ्रेंच विचारवंतानं याच अनुभवावर सविस्तर लिहिलंय. त्याला आपल्या दिवंगत आईचा लहानपणीचा एक फोटो सापडला, त्याबद्दल त्यानं पानंच्या पानं लिहिली, पण तो फोटो छापला नाही. इतरांना तो एका लहान मुलीचा साधा जुना फोटो वाटेल, हे त्याला माहीत होतं. ग्रुप फोटोत तुमचं लक्ष एखाद्याच्या सुटलेल्या नाडीकडे जात असेल तर जाऊ द्या. फक्त तो तुमचा अर्थ आहे, फोटोतल्या माणसाचा नाही, एवढं वेगळं धरा.

घरातल्या जुन्या फोटोंचं काय करावं? आजी आहे तोवर सगळं कळतं, मग काहीच नाही.

आजी आहे तोवरच बसा. आल्बम समोर ठेवा, फोनवर आवाज रेकॉर्ड करा आणि तिला बोट ठेवून सांगू द्या. मग फोटोच्या मागे मऊ पेन्सिलीनं, न दाबता लिहा: डावीकडून नावं, गाव, वर्ष, प्रसंग. बॉलपेननं पुढच्या बाजूला वळ उठतात. चिकट पानांच्या आल्बममधले फोटो शक्य तितक्या लवकर काढून घ्या, तो गोंद फोटो खातो.

बायकांची नावं लिहिताना जास्त काळजी घ्या. ‘श्री. व सौ. कुलकर्णी’ या ओळीत ती बाई कुठंच नाही. आपल्याकडे लग्नात पहिलं नावही बदलत, त्यामुळे माहेरच्या फोटोतली यमू आणि सासरच्या फोटोतली सुमती एकच आहे, हे पुढच्या पिढीला कळायचा मार्ग राहत नाही. दोन्ही नावं लिहा, माहेरचं आडनावही. कडेला उभा असलेला गडी, बाळंतपणाला आलेली बाई, शेजारची मुलगी, यांचीही नावं विचारा. ‘हा, कोण तो, आमच्याकडे होता’ एवढ्यावर सोडू नका.

फोनमधल्या फोटोंना गूगल फोटोजमध्ये वर्णन लिहायची जागा असते, तिथं निदान नाव आणि गाव टाका. आणि जुने फोटो स्कॅन कराल तेव्हा मागची बाजूही स्कॅन करा. स्टुडिओचा शिक्का, तारीख, कुणाच्या तरी अक्षरातली एखादी ओळ, हे बहुतेक वेळा तिथंच असतं.